हजेरीचें नवें यंत्र

सोलापूर शहरांत 'सेटलमेंट फ्री कॉलनी' या नांवाची एक जुनी वस्ती आहे. रिक्षावाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं हें नांव इतकें रुळलेलें आहे, कीं त्यांतील 'फ्री' हा शब्द तेथें कां आला असावा, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाहीं. त्याचा अर्थ फुकट असा नव्हे. काटेरी तारेच्या आंत ज्यांना सक्तीनें राहावें लागे, त्यांपैकीं ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांस समाधानकारक वाटे, त्यांना तारेबाहेर घर करून राहण्याची मोकळीक मिळे. त्या बाहेरच्या वस्तीला फ्री कॉलनी म्हणत. मोकळ्या वस्तीला मुद्दाम मोकळी म्हणावें लागावें, यावरूनच शेजारची वस्ती कशी असेल तें समजतें.

ती बंद वस्ती ज्या कायद्याच्या आधारें उभी राहिली, तो गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानासाठीं झाला. १९११ सालीं तो मुंबई इलाख्यासही लागू होईल असा नवा कायदा करण्यांत आला, आणि १९२४ सालीं त्याचें एकत्रीकरण झालें. सरकारनें एखादी संबंध जमात राजपत्रांत गुन्हेगार म्हणून जाहीर करावी. मग तिच्या माणसांची नोंदवही व्हावी. त्यांच्या बोटांचे ठसे घेतले जावेत. त्यांनीं ठराविक वेळीं हजेरी द्यावी, मुक्काम हलविला तर कळवावें, हद्दीबाहेर जावयाचें तर पास घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी इत्यादि जमातींचीं हजारों माणसें मुंबई इलाख्यांत या व्यवस्थेखालीं आलीं. सोलापुरांत तर गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या लोकांस एका जागीं बसवावयाचें होतें. तेव्हां दोन्ही गरजा एकाच तारेच्या आंत भागल्या.

या कायद्यांतील सर्वांत कठोर कलम हजेरीचें नव्हतें. जमात गुन्हेगार असल्याबद्दलचा जाहीरनामा एकदां निघाला, कीं त्याच्या खरेपणाविषयीं कोणत्याही न्यायालयांत शंका घेतां येणार नाहीं, असें एक कलम त्यांत होतें. म्हणजे ज्या पोरानें जन्मांत कोणाची काडी उचलली नाहीं, त्यानें मोठा झाल्यावर 'माझा गुन्हा काय?' असें विचारावयाचें ठरविलें, तर तें विचारण्यास जागाच नव्हती. माणूस कोठें आहे हें सरकारला रोज कळत होतें. त्यानें काय केलें आहे हें मात्र सिद्ध करण्याची सरकारवर जबाबदारी नव्हती. या दोन गोष्टींची अदलाबदल त्या काळच्या सुशिक्षित समाजाला फारशी खटकली नाहीं. उलट हा सुधारणेचा एक दयाळू प्रयोग आहे, असेंच पुष्कळांस वाटे. तें अगदींच खोटें होतें असेंही नाहीं. वस्तींत शाळा होत्या, काम होतें, सोलापूरची वस्ती कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखालीं होती. या खात्याचे प्रमुख अधिकारी स्टार्टे हेच पुढें १९२८ सालीं अस्पृश्य व आदिवासी जातींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या समितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. अधिकारी सद्‌हेतूचा होता, तरीही तार ती तारच राहिली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा साऱ्या देशांतून रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु नोंदवहीची संवय कायद्याबरोबर गेली नाहीं. मुंबई राज्यानें १९५९ सालीं सराईत गुन्हेगारांसाठीं वेगळा कायदा केला. त्यांत जमातीऐवजीं व्यक्तीचें नांव घालावयाचें, एवढा फरक झाला. फरक मोठा आहे हें मान्य केलें पाहिजे. पण पोलिसांच्या वहींत पाळतीसाठीं नांव कोणी घालावें आणि तें कधीं काढावें, हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला.

तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो उत्तर प्रदेशांतील खडकसिंग नांवाच्या एका गृहस्थामुळें. १९४१ सालीं दरोड्याच्या एका प्रकरणांत त्याला पकडलें होतें आणि पुरावा नाहीं म्हणून सोडून दिलें होतें. तरी पोलिसांनीं त्याच्या नांवाचें पान उघडलें तें उघडलेंच. रात्रीं अपरात्रीं शिपाई येऊन दार ठोठावीत, त्याला झोपेंतून उठवून तो घरीं असल्याची खात्री करून घेत. तो परगांवीं निघाला कीं तिकडच्या ठाण्याला वर्दी जाई. १९६२ च्या डिसेंबरांत सहा न्यायाधीशांनीं निकाल दिला. रात्रीं घरांत शिरून झडती घेण्याचा अधिकार घटनाबाह्य ठरला. परंतु घराबाहेर गुप्तपणें पहारा ठेवणें, माणूस कोठें जातो येतो याची नोंद करणें, यांत बहुमताला कांहीं वावगें दिसलें नाहीं. ज्याचा पाठलाग होतो त्याला तें कळतच नसेल, तर त्याच्या हिंडण्याफिरण्यास अडथळा कसला, असा तो विचार होता. न्यायमूर्ति सुब्बा राव व न्यायमूर्ति शाह यांनीं मात्र वेगळें मत नोंदविलें. आपल्यावर डोळा आहे हें ज्याला ठाऊक आहे, तो मोकळा दिसला तरी मोकळा नसतो, असा सुब्बा राव यांच्या म्हणण्याचा आशय होता. हें अल्पमत पंचावन्न वर्षें ग्रंथांत पडून राहिलें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या प्रकरणांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें जाहीर केलें आणि खडकसिंगाच्या निकालांतील विरुद्ध भाग रद्द केला. आतां सरकारनें या हक्कावर मर्यादा घालावयाची, तर तिला कायद्याचा आधार पाहिजे, हेतु रास्त पाहिजे, आणि उपाय हेतूच्या मानानें बेताचा पाहिजे.

मधल्या काळांत पाळत ठेवणारा शिपाई मात्र बदलला होता. त्याच्या जागीं जी. पी. एस. आलें होतें.

या यंत्राविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. आकाशांतील उपग्रह माणसाला वरून पाहत असतो, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः उपग्रहाला खालच्या कोणाचाही पत्ता नसतो. अमेरिकेनें लष्करासाठीं उभारलेल्या या योजनेंत सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून निदान २४ उपग्रह फिरत असतात आणि आपापली वेळ व स्थान सतत सांगत असतात. खालचें यंत्र तें नुसतें ऐकतें. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरानें पोचले यावरून तें आपलें ठिकाण स्वतःच गणित करून काढतें. नभोवाणीच्या केंद्राला आपलें भाषण कोणत्या घरांत ऐकलें जात आहे हें जसें कळत नाहीं, तसेंच हें आहे. पाळत सुरू होते ती त्यापुढच्या पायरीवर. यंत्रांत मोबाइलचें कार्ड असतें आणि काढलेलें ठिकाण तें दर कांहीं सेकंदांनीं कोणाच्या तरी कचेरींतील वहींत पाठवितें. म्हणून कायद्याचा सारा प्रश्न त्या वहीचा आहे, आकाशाचा नाहीं. वही कोणाची, तिच्यांत किती दिवस लिहिलें जाणार, तें कोण वाचणार, आणि ज्याच्याविषयीं लिहिलें आहे त्याला ती पाहतां येणार कीं नाहीं, हें ठरविणें माणसांच्या हातचें आहे.

कांहीं वह्यांविषयीं तक्रार करण्यास कोणाला जागा नाहीं. सांगोला, मंगळवेढें या बाजूस पाऊस दडी मारतो तेव्हां सरकारी खर्चानें टँकर धांवूं लागतात. कागदावर दाखविलेल्या खेपा आणि विहिरीपासून गांवापर्यंत खरोखर झालेल्या खेपा यांत अंतर पडूं नये, म्हणून शासनानें टँकरांवर हें यंत्र सक्तीचें केलें. घागर घेऊन उन्हांत उभ्या असलेल्या बाईला या यंत्रानें न्यायच मिळतो. वाळू, मुरूम, खडी वाहणाऱ्या मालमोटारींनाही महाराष्ट्रांत २०२२ पासून हीच अट आहे. भीमा व सीना यांच्या पात्रांतून रातोरात काय उचललें जातें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या अटीचें कारण समजावून सांगावें लागणार नाहीं. प्रवासी मोटारींबाबत केंद्राचा नियम २०१६ चा. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या गेलेल्या नव्या मोटारींत हें यंत्र आणि संकटकाळीं दाबावयाचें बटण हीं दोन्ही असावीं लागतात. त्यामागें २०१२ च्या डिसेंबरांत दिल्लींत एका तरुणीवर चालत्या बसमध्यें झालेल्या अत्याचाराची आठवण होती.

या सर्व उदाहरणांत पाळत वस्तूवर आहे. पण वस्तु चालविणारा माणूस असतो, आणि मालमोटार रात्रभर कोणत्या दारापुढें उभी होती ही नोंद मोटारीपेक्षां त्याच्याविषयींच अधिक सांगते. वस्तूवरून माणसावर हा प्रवास किती सहज होतो, याचें उदाहरण नागपूरला मिळालें. तेथील महानगरपालिकेनें सफाई कामगारांच्या मनगटावर जी. पी. एस. असलेलीं घड्याळें बांधलीं. नेमून दिलेल्या हद्दींत कामगार किती वेळ होता, हें त्यावरून कळावयाचें, आणि हद्द सोडली तर पगारावर परिणाम व्हावयाचा. इतर शहरांनींही हा मार्ग धरला. चंडीगडांत २०२० सालीं कामगारांनीं त्याविरुद्ध निदर्शनें केलीं. महापालिकेची बाजू अगदींच पोकळ नाहीं. खोट्या हजेऱ्यांवर पगार निघतात, मुकादम दुसऱ्याच्या नांवावर माणूस लावतो, हें नगरवासीयांस ठाऊक आहे. परंतु झाडूवाल्या बाईच्या मनगटावर घड्याळ आलें, तेंच कार्यकारी अभियंत्याच्या मनगटावर कां आलें नाहीं, असें विचारलें तर उत्तर देणें जड जाईल. सफाईचें काम कोणत्या जातींच्या वांट्यास आलेलें आहे हें येथें सांगण्याची गरज नाहीं. शिवाय यंत्र चुकतें. उंच भिंतींच्या अरुंद बोळांत उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, आणि बाई जागेवर उभी असतां यंत्र तिला पुढच्या गल्लींत नेऊन ठेवतें. जुन्या हजेरींत निदान समोर एक कारकून असे. त्याच्याशीं भांडतां येत असे, त्याला दयाही येऊं शके.

कामगाराची संमति घेतली होती, असें सांगितलें जातें. पण ज्याचा रोजगार त्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्या सहीला संमति म्हणणें कठिण आहे. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्यानें लागू करण्याचें ठरलें. या कायद्याकडे मोठ्या आशेनें पाहिलें गेलें. त्याच्या सातव्या कलमांत मात्र, नोकरीच्या कारणासाठीं किंवा मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं नोकराची माहिती त्याच्या संमतीवांचूनही वापरतां येईल, अशी तरतूद आहे. 'नोकरीचें कारण' हे दोन शब्द किती ताणतां येतात, हें पुढें पाहावयास मिळेलच. घड्याळ कामाच्या वेळेनंतर काढून ठेवण्याचा हक्क, जमा झालेली नोंद अमुक दिवसांनीं पुसण्याचें बंधन, पगार कापण्यापूर्वीं ती नोंद कामगाराला दाखविण्याचें बंधन, या तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिल्या गेल्या असत्या तर कायदा ज्यांच्यासाठीं आहे त्यांना तो समजला असता.

आतां तुरुंगाचा प्रश्न पाहूं जातां तो याहून अवघड आहे. येथें पाळतीच्या विरुद्ध पारड्यांत कोठडीच आहे. वर्षानुवर्षें खटला न चालतां तुरुंगांत पडलेल्या माणसाला, पायांत जी. पी. एस. चें कडें घाल आणि घरीं जा, असें सांगितलें तर तो तें आनंदानें घालील. जम्मू-काश्मीर पोलिसांनीं नोव्हेंबर २०२३ मध्यें देशांत प्रथमच जामिनावरील एका आरोपीच्या पायांत असें कडें घातलें. त्याच वर्षीं केंद्रानें राज्यांसाठीं तयार केलेल्या आदर्श कारागृह कायद्यांतही, असें यंत्र बाळगण्यास तयार असलेल्या कैद्याला रजा देतां येईल, अशी तजवीज आहे. कोठडीपेक्षां कडें बरें, या युक्तिवादाला उत्तर नाहीं असें प्रथमदर्शनीं वाटतें. सोलापूरच्या तारेविषयींही हाच युक्तिवाद होता: तुरुंगापेक्षां वस्ती बरी, आणि वस्तीपेक्षां फ्री कॉलनी बरी. तुलना नेहमीं अधिक वाईटाशीं केली, कीं मूळ प्रश्न विचारला जात नाहीं. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाहीं आणि जो पळून जाईल असें मानण्यास कारण नाहीं, त्याला कोठडी तरी कां आणि कडें तरी कां?

सर्वोच्च न्यायालयानें ८ जुलै २०२४ रोजीं दिलेला निकाल या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. अंमली पदार्थांच्या प्रकरणांत पकडलेल्या एका नायजेरियन नागरिकाला दिल्लीच्या उच्च न्यायालयानें जामीन दिला होता, पण त्यानें गुगलच्या नकाशावर आपल्या ठिकाणाची खूण तपासी अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, ही अट घातली होती. न्यायमूर्ति अभय ओक व न्यायमूर्ति उज्जल भुयान यांनीं प्रथम ही खूण नेमकें काय करते, याचा खुलासा गुगल कंपनीकडेच मागितला. तेव्हां असें निष्पन्न झालें, कीं त्या खुणेवरून माणसाचा चालता मागोवा घेतां येतच नाहीं! अट निरर्थक होती. ती घालणाऱ्यांना यंत्र कसें चालतें हें ठाऊक नव्हतें. न्यायालयाला येथेंच थांबतां आलें असतें. पण त्यानें पुढें जाऊन तत्त्व सांगितलें: जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीचा पोलिसांना सतत मागोवा घेतां येईल, अशी कोणतीही अट घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग करते, कारण मग जामीन म्हणजे एक प्रकारची कैदच होते. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला, तुरुंगांतील जातिभेदाविषयींच्या सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देतांना, विमुक्त जमातींच्या माणसांना नुसत्या संशयावरून पकडण्याची पोलिसांची जुनी खोड न्यायालयानें स्पष्टपणें दोषावह ठरविली. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे सेटलमेंटच्या तारेला कायद्याचें उत्तर शंभर वर्षांनीं कां होईना मिळालें, असें वाटतें.

तथापि जामिनाची अट निदान उघड असते. गुपचूप मिळविलेल्या नोंदीचें काय? अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या पोलिसांनीं एका संशयिताच्या मोटारीखालीं यंत्र चिकटविलें. न्यायालयाची परवानगी दहा दिवसांच्या आंत आणि वॉशिंग्टनच्या हद्दींत यंत्र लावण्याची होती. तें लागलें अकराव्या दिवशीं, शेजारच्या मेरीलँड राज्यांत, आणि २८ दिवस चालू राहिलें. २०१२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही झडतीच होय, असें ठरविलें. पुढें २०१८ सालीं, मोबाइल कंपनीकडून १२७ दिवसांतील १२,८९८ ठिकाणांची नोंद परवान्यावांचून मिळविलेली पाहून त्याच न्यायालयानें पोलिसांना दोष दिला. रस्त्यावर माणूस सर्वांना दिसतो, मग त्याचें ठिकाण खासगी कसें, हा आक्षेप तेथें पुष्कळ घोळला. उत्तर असें मिळालें, कीं एक दिवस एका जागीं दिसणें वेगळें आणि चार महिन्यांच्या साऱ्या जागा एका कागदावर येणें वेगळें. सोलापुरांत सात रस्त्यावर एखाद्यास पाहिलें, तर त्यावरून कांहीं कळत नाहीं. पण तोच मनुष्य दर मंगळवारीं एका दवाखान्यांत, दर शुक्रवारीं एका वकिलाकडे, आणि संपाच्या आदल्या रात्रीं एका कामगार पुढाऱ्याच्या घरीं होता, हें एकत्र कळलें कीं त्याच्या आयुष्याची किल्लीच कोणाच्या तरी हातीं येते.

आपल्याकडे २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाप्रमाणें पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी आदेशानें दस्तऐवज व इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवितां येतात. त्यासाठीं न्यायाधीशाची पूर्वपरवानगी घेतलीच पाहिजे, असें त्या कलमांत म्हटलेलें नाहीं. चोर सांपडावा यासाठीं हें लवकर व्हावें, ही गरज खरी आहे. पण रात्रीं घरांत शिरण्यास जेथें १९६२ मध्येंच बंदी झाली, तेथें माणसाच्या चार महिन्यांच्या रात्री एका कागदानें मागवितां याव्या, ही विसंगति आहे, आणि ती संसदेनेंच दूर करावयास हवी.

सरकार आणि मालक यांच्याविषयीं इतकें बोलल्यावर घराकडेही पाहणें प्राप्त आहे. कारण आज या यंत्राचा सर्वांत नित्य उपयोग घरांतच होतो. पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलीचा मोबाइल ती कोठें आहे हें सोलापुरांतील वडिलांना घटकेघटकेला सांगतो. नवऱ्याला बायकोची स्कूटर कोठें थांबली हें कळतें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमांत स्त्रीचा पाठलाग करणें हा गुन्हा सांगितला आहे. परंतु त्यांतील शब्द मागोमाग जाऊन संपर्क साधण्याविषयीं आणि तिच्या इंटरनेट, ई-मेल वगैरे दळणवळणावर नजर ठेवण्याविषयीं आहेत. स्कूटरच्या आसनाखालीं लपविलेल्या पेटीचा त्यांत उल्लेख नाहीं. तक्रार घेणाऱ्या फौजदाराला ती 'इलेक्ट्रॉनिक दळणवळणा'त बसवून दाखवावी लागेल. माहिती संरक्षणाचा कायदा तर उंबरठ्याबाहेरच थांबतो: कोणी व्यक्तीनें स्वतःच्या घरगुती कारणासाठीं वापरलेल्या माहितीला तो लागूच नाहीं. कंपन्यांना मुलांचा मागोवा घेण्याची त्यांत मनाई आहे, शाळेच्या बसमधून जाणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीं सवलतही आहे. पण आईबापांनीं मागोवा घ्यावा कीं नाहीं, आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तो बंद करावा कीं नाहीं, याबद्दल कायद्यानें कांहींच सांगितलेलें नाहीं. मुलीच्या मोबाइलमधील ती सोय चालू आहे हें तिला माहीत आहे काय, आणि ती तिनें बंद केली तर घरांतून काय विचारणा होते, यावर त्या घरांतील हजेरीचें स्वरूप ठरतें.